माझ्या घोड्यांना वसुधाच्या चौकटी

तुम्ही राबून केलेलं काम डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर गेलंय का कधी? आणि ते नेणारं माणूस नसून मशीन असेल, तर भांडायचं कुणाशी?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या अंबरपेठच्या घरात देव्हारा नव्हता, बाबांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. तरीही हे लिहितेय...

परदेशी कामं हैदराबादेत नुकती येऊ लागली होती. आबिड्सला एका कापडदुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस. काम असं — फोटोतला घोडा कॉम्प्युटरला आपणहून सापडला पाहिजे. त्यासाठी आधी माणसाने काही फोटोंत घोड्याभोवती चौकट आखायची. त्यावरून मशीन शिकणार. मलकपेठच्या रेसकोर्सवरचे फोटो होते, पण फारच थोडे. साहेबांनी ते माझ्याबरोबरच लागलेल्या वसुधाला आणि मला अर्धे अर्धे वाटले. कॉम्प्युटरही वेगळे. जिचं मशीन नव्या फोटोंतले घोडे नीट ओळखेल तिची नोकरी पक्की, दुसरी घरी.

वसुधा चौकटीत घोड्याची सावलीही घ्यायची.

"सावली म्हणजे घोडा नव्हे," मी म्हणायचे.

"हौ, आणि तुझ्या चौकटीत बिचाऱ्याला श्वास तरी घेता येतो का गं?"

साहेब हसायचे. माझ्या बोलण्यावर ते कधी हसले नाहीत. मी जळायचे — तिच्या हसण्यावर, तिच्या झरझर चालणाऱ्या हातावर, सगळ्यावरच.

मी चौकटी घट्ट आखल्या. फोटो कमी, म्हणून प्रत्येक फोटो आरशात दिसतो तसा उलटा करूनही मशीनला दाखवला.

चाचणीच्या दुपारी माझ्या मशीनने सगळे घोडे शोधले. पण प्रत्येक चौकट सावलीपर्यंत पसरलेली... एका फोटोत तर आभाळ भरलेलं, सावलीच नव्हती. तरी चौकट शेजारच्या मोकळ्या मातीवर गेलेली, जणू तिथे सावली आहेच.

साहेब वाकून बघत मला म्हणाले, "ये तो वसुधा का काम है ना, अम्मा?"

मी तोंड उघडायच्या आत वसुधाच म्हणाली, "नाही सर, या मशीनला माझा एकही फोटो दाखवलेला नाही. हे हिचंच काम आहे."

न्यायाची बाजू घेणं तरी, बाबांकडून आलेलं, माझं होतं. तेही तिनेच केलं.

माझे सगळे फोटो उघडून पाहिले. चौकटी घट्टच होत्या. साहेबांसमोर मशीनला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं — निकाल तोच. शिकवलं ते न शिकणारं मशीन काय कामाचं, म्हणत साहेबांनी नोकरी वसुधाला दिली.

जाणकार म्हणतात, चौकटीची जागा मशीनला सांगणाऱ्या आकड्यांत चूक झाली असेल. पण मग सगळ्या चौकटी एकाच बाजूला सरकल्या असत्या. इथे सावली जिकडे, तिकडे चौकट. याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी अशा ऑफिसात चौकटी आखत असेल, तर एवढं करा. फोटो मशीनला देण्याआधी प्रत्येक चौकटीखाली आखणाऱ्याचं नाव टाकायला लावा. साहेब नको म्हणाले तर हात थांबवा. तुमच्याकडच्या वसुधाचंही नाव येऊ द्या — फक्त तिने आखलेल्या चौकटीखाली.