दादूआजोबांची साक्ष

दादूआजोबा खरं बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना बंदरावर काम मिळालं नाही.

आज त्यांचा स्मृतिदिन.

ते माझे सख्खे आजोबा नव्हते. सख्ख्या आजोबांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. एकोणीसशे तीसच्या आसपास दोघंही रत्नागिरी बंदरात हमाली करायचे. स्टीमर लांब समुद्रात उभी राहायची. तिच्यावरचा माल दोराने खाली होडीत उतरवायचा.

एक दिवस दोर तुटला. सगळ्या गोणी भाऊंच्या उजव्या हातावर आल्या.

हात कोपरापासून कापावा लागला. भाऊ सव्वीस वर्षांचे. घरात आजी, आणि माझी आत्या तान्ही.

कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा तेव्हा नवाच होता. गावातल्या एका वकिलांनी फी न घेता भाऊंचा अर्ज केला.

मालकाचं उत्तर आलं, "दोराखाली उभं राहू नये अशी ऑर्डर होती. याने ती मुद्दाम मोडली."

हे खरं ठरलं असतं तर भाऊंच्या हाती काहीच लागलं नसतं.

त्या वेळी होडीत भाऊंच्या शेजारी एकच माणूस होता. दादू.

मालकाचा मुकादम दादूआजोबांच्या घरी गेला. "ऑर्डर दिली होती, एवढंच सांग. तुला कायमचं काम देतो."

सुनावणीत दादूआजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "मुकादमानंच त्याला तिथं उभा केलान. दोर कुजलेला व्हता. आठ दिवस आधी मी सोता दाखवला व्हता."

भाऊंना भरपाई मिळाली. त्यांनी घराच्या पडवीत किराणा दुकान टाकलं.

दादूआजोबा राजापूरकडे गेले, जांभ्याच्या खाणीत चिरे काढायला. तीन वर्षं काढली तिथे.

तोवर भाऊ डाव्या हाताने लिहायला शिकले. पहिलं पत्र दादूला. वाकडीतिकडी दोनच वाक्यं.
"दुकान मला एकट्याला झेपत नाही. ये."

ते आले, आणि शेवटपर्यंत राहिले.

मी शाळेतून यायचे तेव्हा भाऊ तराजू धरून बसलेले असायचे आणि दादूआजोबा पुड्या बांधत असायचे. दिवसभर दोघांची कटकट चालायची. साखर सांडलीस, सुतळी जास्त घेतलीस. मला मात्र न मागता गुळाचा खडा मिळायचा. गूळ-खोबऱ्याचा तो वास अजून आठवतो.

कॉलेजात असताना मी दादूआजोबांना एकदा विचारलं, "साक्ष देताना भीती नाही वाटली?"

"वाटली गो. पण समोर तुझा आजा बसलेला, बाही मोकळी लोंबतेय. त्याच्याकडं बघून खोटं कसा बोलू?"

एवढं बोलून ते गिऱ्हाईकाकडे वळले.

दादूआजोबा, आमच्या घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार.