पालकांचा हजेरीपट

आमच्या हेडमास्तरांइतके आभार मानणारा माणूस लातूर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. एका तालुक्याला असे दोन झेपले नसते. मी पहिल्या नोकरीवर त्यांच्या हाताखाली रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी माझे तीनदा आभार मानले: आल्याबद्दल, बसल्याबद्दल आणि चहा नको म्हटल्याबद्दल. एसटीतून उतरताना ते कंडक्टरचे आभार मानत, मग ड्रायव्हरचे, तोवर मागची माणसं दारात खोळंबत; मग खोळंबल्याबद्दल त्यांचेही. एकदा पोस्टमनच्या चांगुलपणानं भारावून त्यांनी त्याला आभाराचं कार्ड टाकलं, ते त्या बिचाऱ्याला स्वतःच तालुक्याहून पिशवीत घालून आणावं लागलं. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळे नव्या जिल्ह्याच्या आनंदात होते आणि आमचे हेडमास्तर जुन्या जिल्ह्याला, 'इतकी वर्षं सांभाळून घेतलंत' म्हणून पत्र लिहीत बसले होते. शाळेच्या शिक्क्यावर अजून उस्मानाबादच होतं, त्यामुळे ते पत्र उस्मानाबादनं उस्मानाबादला लिहिल्यासारखं दिसत होतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "भाकर वाढली की हे आभार मानतेत. तंवर भाकर थंड होऊन जाती."

नव्या जिल्ह्याच्या मागोमाग दुष्काळ आला. शाळेचा आड आटला, पोरं तहानेनं अर्ध्या दिवसातच घरी पळू लागली, आणि पाण्याची सोय होत नसेल तर शाळा बंद ठेवा, असं वरून सांगणं आलं. गावात पाणी उरलं होतं ते एका भीमनगरच्या हापशाला. तिथली मुक्ताची माय एक दिवस डोक्यावर घागर, कमरेवर घागर अशी शाळेत आली आणि रांजणात पाणी ओतून गेली. दुसऱ्या दिवशीही आली. शाळा बंद पडली तर मुक्ता बकऱ्यांमागं जाईल आणि पुन्हा पाटीला हात लावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं बघून आणखी आयाबाया आल्या, दोन बाप बैलगाडीवर पाण्याचं टिपाड घालून आले, पाळ्या लागल्या. भीमनगरच्या पाण्यावरून एक-दोन घरांनी कुजबुज केली. तेव्हा हेडमास्तर सगळ्यांसमोर त्या रांजणातलं तांब्याभर पाणी प्याले आणि ते आणणारीचे इतका वेळ आभार मानत राहिले की कुजबुजणारे कंटाळून घरी गेले. त्यांची पोरं दुसऱ्या दिवशी मुकाट शाळेत आली. चार महिने हे चाललं आणि शाळा एक दिवसही बंद राहिली नाही.

टँकर सुरू झाले आणि हेडमास्तरांच्या अंगात सत्कार संचारला. शाल-श्रीफळ त्यांना पसंत पडेना. शालीनं उकडतं आणि नारळ खाऊन संपतो, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवस त्यांना झोप नव्हती, म्हणजे आम्हालाही नव्हती. मग एका सकाळी ते कोरा हजेरीपट घेऊन आले. 'इयत्ता' या शब्दापुढे त्यांनी वळणदार अक्षरात 'पालक' असं लिहिलं होतं.

"ह्या लोकांचं नाव कुठल्याच शाळेच्या पटावर कधी आलं न्हाई," ते मला म्हणाले. "आपल्या पटावर येऊ द्या."

शनिवारी सगळ्या पालकांना तरटपट्ट्यांवर रांगेनं बसवलं. पोरं भिंतीला टेकून उभी होती. आपल्या बापाची हजेरी बघायला मिळते म्हटल्यावर एकही गैरहजर नव्हतं. हेडमास्तर नाव पुकारू लागले. पहिला गाडीवाला "हाव" म्हणाला. त्याला "हजर म्हणा" असं तीनदा शिकवावं लागलं, तेव्हा त्याचाच पोरगा सगळ्यांत मोठ्यानं हसला. मिशीवाले बाप्ये नाव ऐकून लाजत होते. मग हेडमास्तरांनी पुकारलं, "मुक्ताची माय."

पुढच्याच रांगेत ती बसली होती, पण बोलली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. तेव्हा ती पदर सावरत उभी राहिली.

"गुरुजी, मुक्ताचं नाव तिच्या पटावर हायच की. माझं सोजर हाय."

चार महिन्यांत हेडमास्तरांनी त्या बाईचे शेकड्यांनी आभार मानले होते, पण नाव एकदाही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. हेडमास्तरांचा चेहरा पार उतरला. त्यांना आभार सुचले नाहीत, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते खुर्चीत बसले, ती ओळ खोडली, तिच्यावर सावकाश नवं नाव लिहिलं आणि ते पुकारायला पुन्हा उभे राहिले.

"सोजर."

"हजर," ती म्हणाली. भिंतीशी उभी असलेली मुक्ता आपल्या मायकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत राहिली.

त्या दिवसापासून हेडमास्तर आधी नाव विचारू लागले आणि मग आभार मानू लागले, त्यामुळे एसटी आणखी खोळंबू लागली. आता ते लातूरला मुलाकडे असतात. दूधवाला असो की रिक्षावाला, पहिला प्रश्न नावाचा. यात सवय किती आणि विसर किती, हे आता घरच्यांनाही सांगता येत नाही. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाव काय तुमचं?"

इतकी वर्षं एका शाळेत काढलेल्या माणसानं हे विचारावं, याचं मला वाईट वाटलं. पण मी नाव सांगितलं. त्यांनी ते पटावरून वाचल्यासारखं सावकाश पुकारलं आणि वाट बघत थांबले.

"हजर," मी म्हणालो, आणि मग त्यांनी माझे आभार मानले.