पापणीवरचा शेवाळी

जानकी परबने स्वतःच्या पापण्या पहिल्यांदा नीट पाहिल्या, त्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. शाळेत असल्यापासून तिच्या नाकावर चष्मा होता, तोही बाटलीच्या बुडासारखा जाड. चष्मा लावला की डोळे शेंगदाण्याएवढे दिसायचे आणि काढला की आरशात नुसता गव्हाळ ढग. स्वतःच्या लग्नात मेकअपवालीने डोळ्यांचं काय केलं होतं, ते तिला कधी कळलंच नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आत नवी भिंगं बसली आणि जाड चष्मा कायमचा सुटला. आता आरसा हातभर लांब धरला की सगळं लख्ख.

"दीप्ती, माझ्या पापण्या केवढ्या मोठ्या आहेत गं," ती सुनेला म्हणाली. "एवढी जागा रिकामीच पडून होती."

शेवटच्या तपासणीला मुलुंडच्या डॉक्टर अबोलींनी आता डोळ्यांना रंगबिंग लावायला हरकत नाही, फक्त झोपताना नीट काढा, असं सांगितलं. जानकीचा नवरा बाळा त्या वेळी बाहेर औषधांच्या खिडकीपाशी उभा होता, त्यामुळे हे त्याला कळलंच नाही. महिनाभर त्याने मोबाइलवर गजर लावून, श्वास रोखून तिच्या डोळ्यांत थेंब घातले होते. तिने कांदा चिरायला घेतला तरी तो सुरी काढून घ्यायचा.

त्याच आठवड्यात सासू-सून भांडुप स्टेशनजवळच्या कॉस्मेटिकच्या दुकानात गेल्या. दीप्तीने लिक्विड आयशॅडो सुचवली. छोटीशी बाटली, आत स्पंजची काडी. ब्रश नको, पावडर सांडायची भीती नको, रोज घाईत लावायला सोपी. जानकीने मनगटापासून कोपरापर्यंत सगळ्या रंगांच्या रेघा ओढून घेतल्या आणि त्यांतले तीन निवडले.

रोज लावायची, तर ती रोजच्या कामात टिकायला हवी. जानकीचं काम म्हणजे जाऊ शेवंतीबरोबर चालवलेलं पोळीभाजी केंद्र. दुपारपर्यंत समोर तवा, बाजूला उसळीचं पातेलं आणि तोंडावर वाफ.

पहिल्या दिवशी केंद्रावर पोचल्यावर गुलाबी. तो वाळायच्या आत तिने डोळा उघडला, आणि पापणी वरच्या घडीला चिकटली. सोडवल्यावर भुवईखाली दुसरी पापणी छापून आली होती. शेवंती लाटणं हातात धरून बघत राहिली.

"जानक्या, तुका चार डोळे झाले गो."

दोघी इतक्या हसल्या की पहिली पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी चमकीवाली. लावली तेव्हा झकास दिसली, पण दुपारपर्यंत चमकी पापणी सोडून सगळीकडे पोचली. शेवंतीच्या हनुवटीवर, गल्ल्याच्या डब्यावर, डबा न्यायला आलेल्या श्यामकांत मास्तरांच्या बाहीवर. मास्तरांनी कुठे लग्न होतं का म्हणून विचारलं. ही बाटली दीप्तीला गेली. स्वयंपाकात चमकी नको, हे जानकीलाही पटलं.

तिसरा शेवाळी, चमक नसलेला. आता तिला युक्ती कळली होती. अगदी थोडा लावायचा, बोटाने कडा पसरायच्या, आणि डोळा मिटून मनातल्या मनात गणपतीची आरती म्हणायची. एक कडवं झालं की रंग वाळलेला असतो. त्या दिवशी चवळीची उसळ झाली, पोळ्यांची चळत झाली, घाम गळला, पण शेवाळी जागचा हलला नाही. जानकी दर पोळीमागे स्टीलच्या डब्यात तोंड बघत होती. गिऱ्हाईक बोलत असताना ती मुद्दाम सावकाश डोळे मिटायची आणि सावकाश उघडायची.

"काकी, झोप येतेय का?" एका मुलीने विचारलं.

"नाही गं. आज मला मिटलेल्या डोळ्यांचंच कौतुक आहे."

दुपारी बाळा केंद्रावर आला. जानकी खाली वाकून पीठ मळत होती आणि दोन्ही पापण्या त्याच्यासमोर होत्या. त्याच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली.

"काय झाला गो तुझ्या डोळ्यांक? बुरशी धरली."

जानकी हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बघून बाळा आणखी घाबरला. ती "अहो, रंग, रंग" म्हणत होती, तर त्याला वाटलं तिला भलतेच रंग दिसायला लागले. त्याने पिठाच्या हातासकट तिला रिक्षात बसवलं. मुलुंड येईपर्यंत तिला धड एक वाक्य बोलता आलं नाही. सांगायला तोंड उघडलं की पुन्हा हसू फुटायचं.

डॉक्टर अबोलींनी बॅटरी मारून दोन्ही डोळे तपासले. मग जानकीला डोळे मिटायला सांगितलं आणि नुसत्याच बघत राहिल्या.

"डोळे छान आहेत," त्या म्हणाल्या. "आणि हा रंगही. टिकतो का हो?"

"उसळीच्या वाफेवर टिकलाय."

"मग नाव सांगून ठेवा मला. माझा रंग जेवणाच्या सुट्टीपर्यंत पापणीच्या घडीत जमा होतो."

बाळा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. खिशातून रुमाल काढून त्याने तोंड पुसलं, मान पुसली.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"सांगतच होते. तुम्ही ऐकलंत कुठे? आणि बघा तरी नीट. चांगला दिसतो ना?"

तो उठून जवळ आला. डोळ्यांत थेंब घालताना वाकायचा तसाच वाकला. जानकीने डोळे मिटले, आणि या वेळी तिला हसू आवरलं.

"चांगला दिसतो," तो म्हणाला. "पण लग्नात निळा होता, तो जास्त चांगला होता."

जानकीने खाड्कन डोळे उघडले. एवढी वर्षं तिला माहीत नसलेली गोष्ट या माणसाला पाठ होती.

"निळा होता?"

"मोरपिशी. तू चष्मा घालायच्या आधी मी बघितला होता."

परतताना दोघं त्या कॉस्मेटिकच्या दुकानाशी उतरली. मोरपिशीत दोन छटा निघाल्या. बाळाने शर्टाची बाही वर सारली आणि दुकानातल्या मुलीपुढे हात धरला.

"दोन्ही लावून दाखव," तो म्हणाला.