एकबाजू

हल्लीची पोरं ‘एकबाजू मारली’ म्हणतात, त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगायला लागत नाही. गाणं लागलं की कोपरं बाहेर काढायची, गुडघे उडवायचे, शेजारच्याला खांद्याने ढकलायचं आणि जमीन आपल्या बापाची असल्यासारखी तुडवायची. ज्याचा चष्मा पडला तोही हसतो आणि ज्याने पाडला तोही. कुणी म्हणतं हा शब्द कॉलेजातून आला, कुणी म्हणतं ट्रक चालवणाऱ्यांकडून. सगळ्या थापा. शब्द आला एका धुलाईच्या कारखान्यातून आणि आला तो एका माणसाच्या पोटात दुखलं म्हणून.

त्या कारखान्यात हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुवायला यायच्या. धुतलेल्या चादरींतलं पाणी काढायला एक मोठं गोल यंत्र होतं. त्याला सगळे पिळणी म्हणत आणि ते चालवणाऱ्याला पिळणीदादा. पिळणी भरणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. ओल्या चादरी आत चारी बाजूंनी सारख्या लावाव्या लागतात. एकीकडे जास्त झाल्या की यंत्र गरगरण्याऐवजी आदळायला लागतं, धाडधाड करत जागचं सरकतं, आणि धरायला जाल तर तुम्हालाच घेऊन जातं. अशा वेळी जो जवळ असेल त्याने ओरडायचं, ‘एकबाजू झालीय, बंद करा’, आणि लाल बटण दाबायचं. पण पिळणीदादाच्या हाताला वजन कळायचं. बारा वर्षांत त्याची एकबाजू एकदाही झाली नव्हती आणि याचा त्याला फार तोरा होता.

मुलगी शाळेत जायला लागली तशी त्याची बायको त्याच कारखान्यात घडीवर लागली. लावली त्यानेच. मालकीणबाईंकडे शब्दही त्यानेच टाकला. घडीची खोली पिळणीच्या समोर, मध्ये फक्त काच. आता मोठ्या चादरीची घडी काही एकट्याने होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, पुढे यायचं, टोकाला टोक जुळवून समोरच्याच्या हातात द्यायचं, मागे सरायचं, परत पुढे यायचं. बायकोच्या समोरचं टोक धरायला होता इस्त्रीमास्तर. दिवसाला तीनशे चादरी. म्हणजे तीनशे वेळा हा बाबा माझ्या बायकोच्या हाताला हात लावतो, असा हिशेब पिळणीदादाने पहिल्याच आठवड्यात काढला.

तसा मास्तर काही मदनाचा पुतळा नव्हता. डोक्यावर टक्कल, पुढे पोट, वाफेने लाल झालेले कान. पण जिभेवर साखर. तो काहीतरी बोलायचा आणि ती हसायची. काचेतून आवाज यायचा नाही, नुसतं हसणं दिसायचं. ती त्याला भावजी म्हणायची, आणि घरी जेवताना ‘आज भावजी काय म्हणाले माहितीय का’ सुरू झालं की पिळणीदादाचा घास तोंडातच फिरायचा. एकदा त्याने मुद्दाम विचारलं, आज एवढं काय हसत होतीस? तिने सरळ विनोद सांगून टाकला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे त्याचा संशय दुप्पट झाला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते उगाच नाही.

बरं, बोलणार काय? ती काम करत होती, काम चोख होतं. आणि हसणाऱ्या बायकोला हसू नकोस सांगायला तोंडही लागतं तसं. याने तिला कधी हसवलं होतं? लग्न झाल्या झाल्या, कुणाच्या तरी घरी गाणी लागली असताना तिने त्याचा हात धरून दोन-तीनदा ओढलं होतं. तिला नाचायचं वेड. हा म्हणाला, मला नाही जमत ते, आणि खुर्च्यांपाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर जिथे जिथे गाणं वाजलं तिथे तिथे हा खुर्च्यांपाशी. तिनेही मग ओढणं सोडून दिलं.

एका सकाळी पिळणी भरता भरता त्याने काचेतून पाहिलं. मास्तरने चादरीचं टोक डोक्यावरून घेतलं होतं, नवरीसारखं, आणि ती पोट धरून हसत होती. हात भरत राहिले, डोळे तिकडे. सगळ्या चादरी एका बाजूला गेल्या, झाकण लागलं, बटण दाबलं गेलं, आणि दुसऱ्या मिनिटाला पिळणी निघाली भिंतीकडे. पाण्याचा पाइप उपटला, जमिनीवर घोटाभर पाणी. सगळा कारखाना बघायला जमला. पिळणीदादाची एकबाजू! मास्तर दारात येऊन म्हणाला, दादा, लक्ष कुठे होतं? विचारलं अगदी काळजीने, पण याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी कारखान्याची नवी शेड उघडली. मालकीणबाईंनी दुपारनंतर यंत्रं बंद ठेवायला लावली, टेबलं भिंतीला सरकवली, कुणीतरी स्पीकर आणला. पिळणीदादा सवयीप्रमाणे सरबताचा ग्लास घेऊन खुर्च्यांपाशी. तेवढ्यात मास्तरला लहर आली. त्याने वाकून पिळणीदादाच्या बायकोला चादरीचं टोक दिलं. चादर नव्हतीच, नुसते हात. दोघांनी हवेतली चादर झटकली, पुढे आले, टोकं जुळवली, मागे गेले, सगळं गाण्याच्या ठेक्यावर. लोकांनी टाळ्यांचा नुसता पाऊस पाडला. ती हसली, आणि आज मध्ये काच नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ग्लास खाली ठेवला आणि उतरला.

त्याने जे केलं त्याला नाच म्हणणं हा नाचाचा अपमान आहे. पहिलं कोपर मास्तरच्या बरगडीत. मग गुडघा. मग असा काही खांदा दिला की मास्तर मागच्या टॉवेलांच्या गाड्यात आडवा. तरी हा थांबेना. दात आवळून, मान खाली घालून, दोन्ही पायांनी फरशी कुटत तो शेडभर आदळत सुटला. काउंटरवरची बाई किंचाळली, “अगं बाई, एकबाजू झालीय, बंद करा कुणीतरी!”

शेड हसून हसून लोळायची बाकी राहिली. ड्रायव्हर लोक तस्सेच आदळत मध्ये घुसले, धोब्यांनी कोपरं काढली, आणि मास्तर, निर्लज्ज माणूस, गाड्यातून उठून तोही त्यात शिरला. ज्याला पाडलं तोच हसत नाचायला लागला तर भांडायचं कुणाशी? आणि मग बायकोने येऊन नवऱ्याचं मनगट धरलं. गाणं संपेपर्यंत सोडलं नाही. केस सुटले, चप्पल कुठे गेली तिचं तिला कळलं नाही. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, आज मजा आली. हा मनात म्हणाला, येणारच, मास्तर होता ना.

शब्द ड्रायव्हरांनी बाहेर नेला. हॉटेलांतून वेटरांकडे गेला, वेटरांकडून कॉलेजच्या पोरांकडे, आणि पुढे तर ज्यांनी पिळणी जन्मात पाहिली नाही तेही एकबाजू मारायला लागले. पिळणीदादाला आतून बरं वाटायचं. पण मास्तर जाईल तिथे सांगत सुटला की ही कल्पना आपली, सुरुवात आपण केली. आयत्या बिळावर नागोबा! आठ वर्षं हे ऐकून घेतलं पिळणीदादाने. बायको रोज त्याच्या समोर उभी, ते एक झालं. आता शब्दसुद्धा?

मग एक दिवस वहीवाल्या बाई आल्या. रस्त्यावरचे शब्द गोळा करून त्या पुस्तक करत होत्या, आणि एका जुन्या ड्रायव्हरकडून त्यांना या कारखान्याचा पत्ता लागला होता. सगळे घडीच्या खोलीत जमले. मास्तरने आपली गोष्ट सांगितली, वर कोपरं काढून करून दाखवलं. बाई लिहीत होत्या. मग त्यांनी पिळणीदादाच्या बायकोला विचारलं, तुम्ही याचा अर्थ काय सांगाल?

ती उशीचा अभ्रा दुमडत म्हणाली, आनंद अंगात मावेनासा झाला की माणूस जसा नाचतो, ते. आणि पहिले नाचले ते मास्तर नव्हेत, आमचे हे.

मास्तर हसला. आनंदाचा नाच आणि दादा? बाई, या माणसाला कुणी आनंदात बघितलंय का, विचारा सगळ्यांना. सगळे हसले. वहीवाल्या बाईही हसल्या, आणि त्यांनी पुन्हा मास्तरचंच नाव विचारलं.

आता मात्र पिळणीदादाला राहवेना.

“आनंद कसला डोंबलाचा,” तो म्हणाला. “जळत होतो मी.”

आणि सुटला. काच, तीनशे चादरी, नवरीसारखा घेतलेला पदर, पाइप, सगळं बाहेर पडलं. हा माणूस माझ्या बायकोबरोबर नाचत होता, म्हणून त्याला आडवा करायला उतरलो, म्हणाला. ते कोपर चुकून लागलं नव्हतं. एकबाजू म्हणजे जळून नाचणं, लिहा. ज्याने केलं त्याला ठाऊक.

मास्तरला आठ वर्षांत पहिल्यांदा विनोद सुचला नाही. कान आणखी लाल झाले. तो हळूच म्हणाला, शब्द दादाचाच आहे, त्याचंच नाव लिहा. बाईंनी नाव लिहिलं, खाली अर्थ लिहिला. पिळणीदादाची छाती हातभर फुगली. खरं सांगून मास्तरला गप्प करता येतं, हे आधी का सुचलं नाही, असंच त्याला वाटत होतं.

बायकोने हातातला अभ्रा खाली ठेवला.

“आठ वर्षं मी माहेरी, शेजारी, सगळ्यांना सांगत आले,” ती म्हणाली, “माझा नवरा जन्मात एकदाच नाचला, पण माझ्यासाठी नाचला. तुम्ही तर भावजींसाठी नाचलात.”

वहीवाल्या बाई अवघडल्या. म्हणाल्या, एका शब्दाचे दोन अर्थ असू शकतात, मी दोन्ही ठेवते.

“हो, हिचा ठेवा,” पिळणीदादा घाईने म्हणाला. “हिचा आधी ठेवा.”

“नको,” ती म्हणाली. “माझा खोडा, बाई. तो चुकीचा होता.”

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि खोडला.