पिवळ्या काचेची खोली

प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. बाकीचं सगळं डोक्यात साठत जातं. पीएचडी होऊन इतकी वर्षं झाली, आकडे विसरले, पण त्या खोलीत कोण काय बोललं ते जसंच्या तसं आठवतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मूळची माढ्याची. सोलापूरला शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहायचे आणि तिथल्याच एका कॉलेजात सोलर सेलवर काम करायचे. तापलेल्या काचेवर रसायनाचा फवारा मारला की कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर बसतो. ती काच तांब्याच्या क्षाराच्या गरम द्रावणात काही सेकंद बुडवली की वरचा भाग काळा पडतो. दोन थरांच्या या जोडावर ऊन पडलं की करंट निघतो. निदान निघायला हवा. आमचा निघत नव्हता, आणि प्राचार्यांनी सांगून ठेवलं होतं, वर्षअखेर काही दाखवलं नाही तर खोली बॉटनीला जाईल.

खोलीत आम्ही तिघं. माझे पीएचडीचे गाईड असलेले सर, मी आणि लॅब अटेंडंट सिद्धाप्पामामा.

*

सुरुवातीला थर टिकतच नव्हता. बोट लावलं की पापडासारखा सुटायचा. मी रसायनं बदलली, तापमान बदललं. दोन महिने गेले. एक दिवस मामा माझं काम बघत शेजारी उभे राहिले.

"बाई, रागावू नका. काच ॲसिडनं धुताय, मग त्या शुद्ध पाण्यानं धुताय."

"हो मग?"

"मग पदरानं पुसताय की. सकाळी त्याच पदरानं डब्याचं तेल पुसलं तुमी."

दुसऱ्या दिवसापासून काचा हवेवर वाळवायला लागले. थर बसला.

*

बसला, पण डागाडागांचा. मध्ये जाड, कडेला पातळ. सर म्हणाले, "फवारा मारायचं शिकायला हवं, आणि ते मला येत नाही." त्यांनी मला ट्रकना रंग मारणाऱ्या युसुफभाईंच्या गॅरेजात पाठवलं.

युसुफभाईंनी माझी काच उन्हात धरून बघितली आणि स्प्रेगन माझ्या हातात दिली. समोर एका ट्रकचा दरवाजा होता.

"हात रुक्या तो दाग पड्या, बाई. हात चलताच रैना."

चार दुपारी मी हात न थांबवता ट्रकचे दरवाजे रंगवले. पाचव्या दिवशी लॅबमध्ये काच एकसारखी पिवळी झाली. ती दाखवायला गेले तर युसुफभाई म्हणाले, "अच्छा है. पीएचडी नै हुई तो इधर आ जाना."

*

मग डोपिंग. पिवळ्या थरातून करंट सहज वाहावा म्हणून त्यात इंडियम नावाचा धातू अगदी किंचित घालायचा. सर मामांना समजावत होते, "स्वयंपाकातलं मीठ समजा. पण दहा हजार कणांत एखादाच."

"मग चव कुणाला कळणार?"

"करंटला कळते," सर म्हणाले.

त्या आठवड्यात घाईघाईत मी इंडियम भलतंच जास्त घातलं. एकामागून एक सगळे सेल शॉर्ट झाले. मी डोकं धरून बसले होते. मामांनी चहा आणून ठेवला.

"खारट झालं व्हय?"

*

तांब्याच्या द्रावणात काच बुडवायची वेळ महत्त्वाची. आमच्या थराला नऊ सेकंद योग्य ठरले होते. नेमकं तेव्हा आमचं स्टॉपवॉच कॉलेजच्या स्पोर्ट्ससाठी गेलं. मी मनात मोजायचे, पण काच हातात आली की आकडे पळायचे. शेवटी मामा म्हणाले, "मी मोजतो, तुमी बुडवा."

मामा अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. द्रावणाकडे न बघता, भिंतीला टेकून ते मोजायचे, "ओंदु, एरडु, मूरु..." 'ओंबत्तु', म्हणजे नऊ, म्हटलं की मी काच बाहेर काढायची. त्या पंधरवड्यातले सेल आमचे सगळ्यात चांगले निघाले.

स्टॉपवॉच परत आल्यावर मी मामांना त्याच्यासमोर मोजायला लावलं. ओंबत्तु आणि नऊवर काटा, एकाच वेळी.

सरांनी वर न बघता विचारलं, "म्हणजे स्टॉपवॉच बरोबर आहे ना?"

*

खोली बॉटनीला गेली नाही. तो दिवस सांगते.

पाहणीला प्राचार्यांनी बोलावलेले तिघं तज्ज्ञ आले होते. आम्ही सहा सेल जोडून गच्चीवर एका टेबलावर ठेवले आणि वायर मीटरला लावली. एप्रिलचं ऊन. काटा सरळ वर गेला. सरांनी थर, डोपिंग, सगळं व्यवस्थित सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. तिसरे सगळ्यात ज्येष्ठ होते. त्यांनी टेबलाखाली वाकून बघितलं, वायर ओढून बघितली.

"कशावरून?" ते म्हणाले. "आत कुठं बॅटरी लपवली नसेल कशावरून?"

चोरीचा आळ आल्यासारखा सरांचा चेहरा पडला.

मामा पाण्याचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी ट्रे खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली आणि सेलवर पालथी घातली. काटा खाली आला. टोपी उचलली. काटा वर गेला. पुन्हा घातली, पुन्हा उचलली.

मग टोपी झटकून डोक्यावर ठेवत ते शांतपणे म्हणाले,

"साहेब, बॅटरीला टोपीचं काय कळतंय?"