मशीन भरेपर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी वीजबचतीची मोहीम जाहीर केली. त्यासाठी क्लबहाऊसमधले सगळे दिवे लावले होते आणि एसीमुळे बायका पदर लपेटून बसल्या होत्या. कपड्यांविषयी आदेश असा होता: मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नये, ड्रायर वापरू नये, कपडे उन्हात वाळवावेत. मुळशीत आषाढात ऊन कुठे मिळतं, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या घरी ड्रायर होता. उन्हाची चौकशी करायची वेळ त्यांच्यावर आली नसावी.

माझ्या बायकोला मोहिमेची गरज नव्हती. पंखा चालू ठेवून खोलीबाहेर पडलो म्हणून लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मला परत बोलावलं होतं. अर्धवट भरलेलं मशीन लावणं हा तिच्या लेखी माज होता.

त्या वर्षी ती अंथरुणाला खिळलेली होती. उन्हाळ्यात डावी बाजू गेली. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं: पाठ कोरडी ठेवा, या वयात कातडी एकदा फाटली की भरून येत नाही. त्यामुळे चादर दिवसातून कितीदा तरी बदलावी लागे आणि धुतलेली वाळत नसे. घरातल्या प्रत्येक खुर्चीने चादर पांघरली होती. त्यांच्यावर दिवसभर पंखा फिरे. संध्याकाळी हात लावला की चादर ओली नसे, पण कोरडीही नसे.

तिचं करायला जवळच्या रिहे गावाहून एक बाई येत. त्यांनी एके दिवशी कोंबड्या झाकायचं डालं आणलं. "काका, खाली निखारं ठेवायचं आन् वर चादर टाकायची. आमी पावसात बाळाची दुपटी अशीच वाळवतो."

बाल्कनीत शेगडी मांडली. चादर छान वाळली, पण तिला धुराचा इतका वास की बायको रात्रभर खोकली. सकाळी वॉचमन अध्यक्षांचा निरोप घेऊन आला: बाल्कनीत जाळ करू नये, इमारतीच्या शोभेला बाधा येते.

मग मी ड्रायर आणला. तो सुरू झाला आणि आतून हाक आली.

"अहो, कसला आवाज आहे?"

"ड्रायर."

"किती कपडे आहेत?"

"दोन चादरी हायेत, काकू," बाई म्हणाल्या.

"दोनच? मग तिसरी होईपर्यंत थांबा."

"तिसरी तुझ्या खाली आहे," मी म्हणालो.

"तुमचा बनियन तरी टाका त्यात."

त्यानंतर प्रत्येक वेळी ती विचारायची, "भरलं का?" मी कपाटातले धुतलेले शर्ट चादरींबरोबर पुन्हा धुवायला टाकायचो आणि म्हणायचो, "भरलं."

"काका, शर्ट झिजून मरायचं," बाई म्हणत.

श्रावणात पाठीची कातडी फाटली. खालची चादर तेव्हा कोरडी होती, गरमसुद्धा होती. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतंच. नवरात्राच्या आत ती गेली. बाई डालं घेऊन गेल्या. ड्रायर मी एका शेजाऱ्याला देऊन टाकला. त्याने मोहिमेची आठवण काढली नाही.

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन झाल्यावर अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं. गेले काही महिने सोसायटीत सर्वांत कमी वीज माझ्या घरात जळाली होती. "इच्छा असली की घरात किती बचत होते, ते काकांकडून शिका," ते म्हणाले. ती कशी झाली, हे मला कोणी विचारलं नाही. कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर शाल घातली. टाळ्या बऱ्यापैकी झाल्या.

घरी आल्यावर शालीवर कुंकू सांडलेलं दिसलं, म्हणून ती धुण्यात टाकली. एका माणसाचे कपडे ते किती. मशीन अजून भरलेलं नाही.