नत्थुजीची निकामी कातर

पिंपळमाळच्या सरकारी मेंढी केंद्रात गेल्या सहा वर्षांपासून एकही मेंढी नाही. बाकी सगळं आहे. साहेब आहेत, भांडारपाल आहे, दोन चौकीदार आहेत, कातरणीची लांबलचक शेड आहे आणि शेडला दरवर्षी नवा रंग आहे. मेंढ्यांवाचून कोणाचं काही अडलेलं नाही. उलट मोजदाद सोपी झाली आहे.

या शेडमध्ये नत्थुजीनं तेहतीस वर्षं मेंढ्या कातरल्या. जातीचा धनगर. नोकरीला लागला तोच बापाची कातर कमरेला खोचून, कारण सरकारी कातरीनं लोकर कमी आणि कातडी जास्त निघायची. केंद्राचा बहुतेक इतिहास त्याच्या डोळ्यांपुढून गेला. विमानानं आलेले परदेशी मेंढे त्यानं पाहिले. त्यांच्यासाठी वाळ्याचे कूलर लागले होते आणि माणसं कडुनिंबाखाली घाम पुसत बसायची. वऱ्हाडातला मे महिना त्या पाहुण्यांना काही मानवला नाही. चौथा मेंढा गेला तेव्हा मुंबईहून पत्र आलं, मेंढ्यांना लोकर घालून उन्हात सोडू नये. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथं मेंढ्या होत्या.

नत्थुजी निवृत्त झाला त्याच आठवड्यात उरलेल्या मेंढ्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या आणि केंद्रातल्या सामानाची पडताळणी लागली. भांडारपाल गजेंद्रबाबू शेडमध्ये आला आणि खुंटीवर दिसेल ते लिहीत गेला. एक कंदील, चौकीदाराची छत्री आणि नत्थुजीची कातर. तिन्ही जिनसा जडवस्तू नोंदवहीत चढल्या आणि सरकारच्या झाल्या. एकदा त्या वहीत चढलेली वस्तू बाहेर यायची तर एकच वाट, निर्लेखन. म्हणजे ती निकामी झाली, असं कोणीतरी लिहून द्यायचं.

चौकीदार शहाणा. छत्री गळते असं त्यानं दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं आणि तीच डोक्यावर धरून घरी गेला. नत्थुजी काही लिहून देईना.

"काका, दोन ओळी लिहा, अन् घेऊन जा," गजेंद्रबाबू म्हणायचा.

"बापानं नांदगावच्या लोहारापाशी बसून घडवली ते. चालत नाई म्हणू कसा? जीभ झडन माही."

अशी सहा वर्षं गेली. घरी नत्थुजीच्या स्वतःच्या बारा मेंढ्या होत्या. दर होळीला तो बाजारातली कातर चालवायचा, मेंढीच्या अंगावर रक्ताचे थेंब उमटायचे आणि मेंढीपेक्षा जास्त त्यालाच दुखायचं. ती कातर निकामी न ठरता, जिवंतपणी घरी यावी, एवढंच त्याला हवं होतं.

यंदा केंद्राचा सुवर्णमहोत्सव ठरला. मेंढी केंद्राच्या महोत्सवात एखादी मेंढी असावी, हे महोत्सवाच्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं आणि गजेंद्रबाबू नत्थुजीच्या दारात उभा राहिला.

"एक मेंढी द्या काका. नुसती फोटोपुरती."

"कातर देता काय?"

"चालत नाई म्हणून लिवून द्या. संध्याकाळी साहेबाची सही घेतो अन् हातात देतो."

नत्थुजी नेहमीसारखा मान हलवणार, तोच आतून त्याची बायको मनकर्णा बाहेर आली. "कागद काई मेंढ्या कातरत नाई. लिवा, अन् घरी आना तिले. किती दिवस बापाले सरकारच्या अलमारीत ठेवता?"

नत्थुजीनं सही केली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्याला जेवढी लाज वाटली नव्हती, तेवढी त्या एका सहीनं वाटली.

महोत्सव पौषात. माळावर वारा असा, की पाहुणे शाल मिळायच्या आधीच शाल मागू लागले. अमरावतीहून मोठे साहेब आले. केंद्राच्या साहेबांनी तीस वर्षं खोक्यात पडलेलं परदेशी कातरणी यंत्र काढलं आणि नत्थुजी "साहेब, थंडी हाये, होळीशिवाय कातरत नाई" म्हणेपर्यंत त्याच्या मेंढीवर चालवलं. डावी बाजू साफ झाली आणि लाइन गेली. जनरेटर होता, पण त्याचं मागच्याच महिन्यात निर्लेखन झालं होतं.

मंडपात अर्धी मेंढी उभी राहिली. उजवीकडून लोकरीची, डावीकडून उघडी. पोरं हसू लागली.

"हातानं करून टाका," मोठे साहेब म्हणाले. "जुनी कातर असेल ना?"

गजेंद्रबाबू पळत जाऊन कातर घेऊन आला. सहा वर्षांनी ती नत्थुजीच्या तळहातावर आली आणि अंगठा आपल्या जागी जाऊन बसला. दहा मिनिटांचं काम होतं. पण सकाळचा कागद अजून सहीवाचून पडला होता. सगळ्यांदेखत कातर चालली, की ती कामाची ठरली, आणि कामाची वस्तू सरकार परत देत नाही.

"साहेब, हे चालत नाई," तो म्हणाला. "म्या सकाळीच लिवून देल्लं हाये. बाबूपाशी कागद हाये."

मोठ्या साहेबांनी कागद वाचला आणि केंद्राच्या साहेबांकडे पाहिलं. "मग हे भंगार अजून ठेवलं कशाला?"

सहा वर्षांत न झालेली सही सहा मिनिटांत झाली, तीही गजेंद्रबाबूच्या पाठीवर कागद ठेवून. फोटोवाल्यानं मेंढीला डाव्या अंगानं उभं करून फोटो काढला. नत्थुजीनं आपली घोंगडी मेंढीच्या उघड्या बाजूवर बांधली, कातर कमरेला खोचली आणि भाषणं ऐकायला न थांबता घर गाठलं.

होळीच्या सुमाराला महोत्सवाची स्मरणिका आली. नत्थुजी अंगणात तीच मेंढी पुढ्यात घेऊन बसला होता. सून पौर्णिमा उंबऱ्यात बसून वाचू लागली. मुखपृष्ठावर मेंढीची डावी बाजू, खाली 'यांत्रिक कातरणीचे यशस्वी प्रात्यक्षिक'. आत सगळ्या साहेबांची नावं सनावळीनिशी, मेलेल्या चार मेंढ्यांवरही एक परिच्छेद.

"माहं नाव कुठी हाये पाय बरं," नत्थुजी म्हणाला.

पौर्णिमानं पानं उलटली. शेवटच्या पानावर, निकामी वस्तूंच्या यादीत ते सापडलं. तिनं जरा अडखळतच वाचलं, "लोखंडी कातर, एक. चालत नाही. नत्थुजी, मेंढपाळ, यांच्या लेखी जबाबावरून."

मनकर्णानं चुलीपुढून साहेबांच्या सात पिढ्या काढल्या. नत्थुजीचा हात लोकरीत तसाच थांबला होता. त्याला ते लागलं, फार लागलं.

"त्याईले कावून शिव्या देतं," तो म्हणाला. "सही माहीच हाये."

मग त्यानं मेंढी कुशीवर वळवली आणि उरलेली उजवी बाजू कातरायला घेतली. रक्ताचा एक थेंब आला नाही.